ज्यू विद्यार्थी, त्यांची शुक्रवारची पंगत आणि आपले मंडळ

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील बौद्धिक सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



गणरायाला वंदन करून आम्ही विषयाला हात घालतो. फलकावर विषय लागल्यापासून काहींच्या मनात प्रश्न आला असेल, की गणपतीच्या मांडवात ज्यू विद्यार्थ्यांचे काय काम? उत्तर सोपे आहे. घर सोडून शिकायला गेलेले मूल आपल्या समाजाशी जोडलेले राहते ते कशामुळे, आणि तुटते ते कशामुळे, हा प्रश्न आपल्याला दरवर्षी वर्गणीच्या पावत्या फाडताना पडतो. बडोद्याच्या आपल्या घरांतली मुले पुण्याला, बंगळूरला, कॅनडाला जातात. नाशिकची, जळगावची, धुळ्याची मुले सयाजीराव विद्यापीठाच्या वसतिगृहात येऊन राहतात. या दोन्ही प्रकारच्या मुलांचे पुढे काय होते, हे आपण एकमेकांना विचारत राहतो. जगात एका लहान समाजाने या एकाच प्रश्नावर शंभर वर्षे चिकाटीने काम केले आहे. तो म्हणजे अमेरिकेतला ज्यू समाज. त्यांनी काय केले, कुठे जमले, कुठे अडले, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी थोडी माहिती. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०२० साली केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत ज्यूंची संख्या सुमारे ७५ लाख आहे. म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. त्यांच्या प्रौढांपैकी दहांतले जवळजवळ सहा जण पदवीधर आहेत. शिक्षणाची ओढ या समाजात जुनी. त्यामुळे अठराव्या वर्षी घर सोडायचे, दुसऱ्या राज्यात वसतिगृहात राहायचे आणि चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचे, हा तिथल्या बहुतेक मुलांचा रस्ता. आई-वडिलांच्या घरी सण झाले, प्रार्थनामंदिरात नाव होते, आजी होती. वसतिगृहात यातले काहीच नाही. या चार वर्षांत मूल आपल्या लोकांत राहिले तर राहिले, हे त्या समाजाने फार लवकर ओळखले.

आता त्या मुलापुढच्या अडचणी पाहा. ज्यूंचे पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे. एकोणीस वर्षांत सात वेळा त्यांच्याकडेही अधिक महिना येतो. म्हणून त्यांचे सणही इंग्रजी तारखांना मागे-पुढे सरकतात. त्यांचे नववर्ष, म्हणजे रोश हशाना, सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. २०२३ साली ते १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू झाले आणि चारच दिवसांनी आपली गणेश चतुर्थी होती. २०२४ साली ते २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी आपली घटस्थापना. नववर्षानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा निर्जळी उपवास. हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. अमेरिकेतली महाविद्यालये ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात उघडतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाला अजून कॅन्टीनचा रस्ता नीट सापडलेला नसतो, खोलीतल्या जोडीदाराशी धड ओळख नसते, आणि वर्षातले सगळ्यांत मोठे सण दारात येऊन उभे राहतात. आपल्या पोरांना घरापासून दूर पहिली चतुर्थी जशी खायला उठते, तसेच हे.

दुसरी अडचण शनिवारची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. कडक पाळणारे विद्यार्थी त्या काळात लिहीत नाहीत, वाहन चालवत नाहीत, विजेचे बटण दाबत नाहीत. आता वसतिगृहाच्या दाराला इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर तो मुलगा शुक्रवारी रात्री आत कसा जाणार? शनिवारी परीक्षा लागली तर काय करणार? हे प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटतील. पण अधिकाऱ्यापुढे उभे राहून हे एकट्याने समजावून सांगणे सोपे नसते. साधी किल्ली द्या, परीक्षेची वेळ बदलून द्या, हा अर्ज एकट्या मुलाने केला तर तो हट्ट ठरतो. त्यामागे संस्था उभी राहिली तर त्याला मागणीचे रूप येते. आम्ही सरकारी नोकर असल्याने हा फरक आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी अडचण जेवणाची. त्यांच्या कोशर नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, भांडीसुद्धा वेगळी लागतात. डुकराचे मांस आणि कवचाचे मासे वर्ज्य. सामान्य कॅन्टीनमध्ये हे सांभाळणे अवघड. मग काही जण नियम सोडतात, काही जण फळे आणि पाव खाऊन राहतात.

या अडचणींत शंभर वर्षांपूर्वी आणखी एकीची भर होती. दारे बंद होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थी-मंडळांत, ज्यांना तिकडे फ्रॅटर्निटी म्हणतात, ज्यूंना सहसा घेत नसत. म्हणून ज्यू मुलांनी स्वतःची मंडळे काढली. १९०६ साली हार्वर्डमध्ये मेनोरा सोसायटी निघाली. ज्यू इतिहास आणि विचार यांचा अभ्यास हा तिचा हेतू. पण पुढे १९२२ साली त्याच हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण फार वाढले म्हणून त्यावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा तिथे पाचांतला सुमारे एक विद्यार्थी ज्यू होता. उघड प्रस्तावाला विरोध झाला, पण आडमार्गाने अशी मर्यादा अनेक विद्यापीठांत पुढे कित्येक वर्षे चालली. अशा वातावरणात मुलाने काय करावे? बरीच मुले आपण कोण आहोत हे न बोललेलेच बरे, असे ठरवत. आडनाव थोडे बदलायचे, सणाच्या दिवशी मुकाट वर्गात बसायचे. त्यातून मूल हळूहळू दोन्हीकडून सुटत जाते.

याच सुमारास, १९२३ साली, इलिनॉय विद्यापीठात एक गोष्ट घडली. तिथे एडवर्ड चॉन्सी बाल्डविन नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते स्वतः ख्रिस्ती. बायबलचा वाङ्मय म्हणून अभ्यास ते शिकवत. त्यांच्या लक्षात आले की वर्गातल्या ज्यू मुलांना स्वतःच्याच ग्रंथांची माहिती नाही. त्यांना याचे वाईट वाटले आणि गावातल्या ज्यू मंडळींना त्यांनी ते बोलून दाखवले. त्याच गावच्या ज्यू प्रार्थनामंदिराचे काम बेंजामिन फ्रँकेल नावाचा एक तरुण रब्बी पाहत असे. रब्बी म्हणजे त्यांचे धर्मगुरू. या तरुणाने विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र सुरू केले. त्याला नाव दिले 'हिलेल'. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात दुसरे केंद्र निघाले. १८४३ साली स्थापन झालेल्या 'ब्नाई ब्रिथ' या जुन्या ज्यू संस्थेने या कामाला पैशाचे पाठबळ दिले. फ्रँकेल १९२७ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी वारले. पण काम थांबले नाही. त्याच विद्यापीठात इतिहास शिकवणारे एब्रम सॅकर यांनी ते उचलले आणि देशभर नेले. हेच सॅकर पुढे १९४८ साली ब्रँडाइस विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. २०२३ साली हिलेलला शंभर वर्षे पूर्ण झाली. आज तिची केंद्रे शेकडो विद्यापीठांत आहेत.

'हिलेल' हे नाव कुणाचे, ते सांगायला हवे. हिलेल हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेले फार मोठे ज्यू आचार्य. तल्मूद या ग्रंथात त्यांच्या विद्यार्थिदशेची एक कथा आहे. हिलेल मोलमजुरी करत. दिवसाची कमाई अर्धी घरी आणि अर्धी पाठशाळेच्या द्वारपालाला, अशी त्यांची वाटणी. एके दिवशी काम मिळाले नाही. द्वारपालाने आत सोडले नाही. दिवस शुक्रवारचा, हिवाळा कडक. हिलेल पाठशाळेच्या छतावर चढले आणि झरोक्याला कान लावून आतला पाठ ऐकत पडून राहिले. रात्री बर्फ पडले आणि ते त्याखाली गाडले गेले. पहाटे आत बसलेल्या गुरूंपैकी एकाने दुसऱ्याला विचारले, रोज यावेळी उजेड असतो, आज अंधार का? आभाळ भरून आले आहे का? त्यांनी वर पाहिले, तर झरोक्यावर माणसाची आकृती. धावत जाऊन त्यांनी हिलेलला खाली आणले, अंघोळ घातली, शेकोटीजवळ बसवले. दिवस शब्बाथचा होता, विस्तव पेटवायला बंदी होती. तरी गुरू म्हणाले की या मुलासाठी नियम मोडला तरी चालेल.

मंडळी, विद्यार्थी-केंद्राला याहून योग्य नाव आम्हाला तरी सुचत नाही. बाहेर राहिलेल्या मुलाजवळ फी नव्हती, पण ओढ होती. आणि गुरूंचे मोठेपण असे, की आतला उजेड कमी झाला हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी वर पाहिले. समाज म्हणून आपण किती वेळा वर पाहतो, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

आता ही केंद्रे करतात काय? सर्वांत मोठे काम म्हणजे शुक्रवारचे जेवण. सूर्यास्ताला मेणबत्त्या लावतात, द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात, वेणीसारखे विणलेले दोन पाव कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. मग सूप, कोंबडी, गाणी आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा. हे जेवण बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना फुकट किंवा नाममात्र पैशांत असते. आधी नाव नोंदवले नसले तरी आलेल्याला ताट मिळते. बरोबर दुसऱ्या धर्माचा मित्र आणला तरी चालते.

यात एक बारीक व्यवस्था आहे, आणि आमच्या मते त्यांच्या यशाचे निम्मे रहस्य तीच. ज्यू समाजातही पंथ आहेत. सनातनी आहेत, मधले आहेत, सुधारक आहेत. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ लागतात. सनातनी त्यात फक्त पुरुष मोजतात आणि स्त्री-पुरुष वेगळे बसवतात. सुधारकांत स्त्रियाही मोजतात आणि सगळे एकत्र बसतात. हे भांडण मिटण्यासारखे नाही. मग मोठ्या विद्यापीठांतल्या केंद्रांत शुक्रवारी संध्याकाळी एकाच इमारतीत दोन-तीन खोल्यांत दोन-तीन प्रकारच्या प्रार्थना होतात. कुणी कुणाला चूक म्हणत नाही. प्रार्थना संपली की सगळे एकाच दालनात जेवायला येतात. आणि स्वयंपाक सर्वांत कडक नियम पाळणाऱ्याला चालेल असा केलेला असतो, म्हणजे कुणालाच पानावरून उठावे लागत नाही. पूजा ज्याची त्याची, पंगत एक! आपल्याकडे कांदा-लसणाचा वाद आठवून पाहा, म्हणजे या साध्या युक्तीची किंमत कळेल.

नववर्षानंतर दोन आठवड्यांनी त्यांचा सुक्कोत हा सण येतो. त्यात उघड्यावर एक मांडव घालतात. वर झावळ्या, फांद्या, आणि त्यांतून आभाळ दिसले पाहिजे असा नियम. आठवडाभर त्यात बसून जेवायचे. विद्यापीठाच्या हिरवळीवर असा मांडव उभा राहिला की जाणारे-येणारे थांबतात, विचारतात. आपण कोण आहोत हे लपवणारा मुलगाही चार दिवस लांबून पाहतो आणि पाचव्या दिवशी आत येतो. मांडवाचे हे बळ आपल्याला वेगळे सांगायला नको.

हिलेलबरोबर आणखी एक चळवळ आहे, तिचे नाव खबाद. हे फार सनातनी लोक. काळ्या टोप्या, लांब दाढ्या. त्यांचे पहिले विद्यार्थी-घर १९६९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाजवळ सुरू झाले. त्यांची पद्धत निराळी. ते कार्यालय काढत नाहीत, घर मांडतात. एक तरुण रब्बी आणि त्यांची पत्नी विद्यापीठाजवळ बिऱ्हाड करतात, बहुधा जन्मभरासाठी. शुक्रवारी त्यांच्या घरी विद्यार्थी जेवायला येतात. त्यांची लहान मुले टेबलाखालून पळत असतात, रब्बींची पत्नी स्वयंपाकघरातून सूप आणत असते. स्वतः सर्व नियम कडक पाळणारे हे कुटुंब आलेल्या विद्यार्थ्याला मात्र 'तू काय पाळतोस' असे विचारत नाही. जीन्स घालून, कानात डूल घालून या, काही हरकत नाही. घरापासून तोडलेल्या मुलाला व्याख्यानापेक्षा घर हवे असते, हे त्यांनी ओळखले.

इतके सगळे असूनही १९९० च्या सुमारास त्या समाजाला धक्का बसला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की नुकती लग्ने केलेल्या ज्यूंपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी समाजाबाहेर लग्न केले आहे. आकड्यावर पुढे तज्ज्ञांनी वाद घातला, पण मूळ चिंता खरी होती. केंद्रे होती, इमारती होत्या, कार्यक्रमपत्रिका छापल्या जात होत्या, आणि येणारी मुले ठरलेली होती. ज्यांच्या घरी आधीच सगळे पाळले जात होते, तीच. उरलेली त्या दारावरून रोज वर्गात जात आणि आत डोकावत नसत.

तेव्हा हिलेलचे प्रमुख रिचर्ड जोएल होते. त्यांच्या काळात कामाची दिशा बदलली. मुले केंद्राकडे येत नाहीत तर केंद्राने मुलांकडे जायचे. १९९४ पासून नुकतेच पदवीधर झालेले तरुण वर्षभरासाठी नेमले जाऊ लागले. त्यांचे काम एकच. कार्यालयात बसायचे नाही. वसतिगृहात, मैदानावर, कॉफीच्या दुकानात जायचे आणि केंद्रात कधीही न आलेल्या मुलांशी ओळख करायची. पुढे याचीच सुधारलेली पद्धत आली. आता हे काम विद्यार्थ्यांकडेच दिले गेले, आणि तेही केंद्रात नेहमी येणाऱ्यांकडे नव्हे. ज्याचा मित्रपरिवार मोठा आहे, असा नाटकवाला, फुटबॉलवाला, संगणकवाला मुलगा निवडायचा. त्याला थोडे मानधन द्यायचे आणि साठेक समवयस्कांशी ओळख ठेवण्याची जबाबदारी द्यायची. सुरुवात आपल्या ओळखीच्या ज्यू मुलांच्या यादीपासून. मग एकेकाला कॉफीला नेणे. पहिल्या भेटीत बोलायचे कमी, ऐकायचे जास्त. तुझे गाव कोणते, आजी काय करायची, तुला कशात रस आहे? त्याला पर्यावरणात रस असेल तर त्याच आवडीच्या आणखी पाच जणांची गाठ घालून द्यायची. संगीतात असेल तर तसे. त्यातून एखाद्या खोलीत सहा जणांचे शुक्रवारचे जेवण होते. केंद्राच्या इमारतीत नाही झाले तरी चालेल. नाव कुणाचे झाले, फोटो कुणाचा आला, हे मोजायचे नाही. कोण कुणाला ओळखू लागले, हे मोजायचे.

मंडळी, आम्ही नोंदवहीत आयुष्य घालवलेली माणसे. कार्यक्रमाला उपस्थिती किती, खुर्च्या किती, अल्पोपाहाराची पाकिटे किती, हे लिहिणे आम्हाला सोपे जाते. पण 'किती जण आले' याऐवजी 'किती जणांना आपण नावाने ओळखतो' हा रकाना वहीत आखला, की सगळा हिशेब बदलतो. हिलेलच्या शंभर वर्षांतून एकच गोष्ट न्यायची असेल तर ती हा रकाना.

सगळे गोड आहे असे मात्र नाही, आणि ते न सांगता पुढे जाणे बरे दिसणार नाही. पहिला पेच, ज्यू कोण? परंपरेने आई ज्यू असेल तर मूल ज्यू. सुधारक पंथाने १९८३ साली ठराव केला की वडील ज्यू असले आणि मूल त्या रीतीने वाढले असले तरी चालेल. सनातन्यांना ते मान्य नाही. आता मिश्र विवाहातली मुलगी शुक्रवारी दारात उभी राहिली, तर तिचे खरे-खोटे कोण ठरवणार? प्रार्थनेच्या खोलीत हा प्रश्न निघू शकतो. जेवणाच्या दालनात मात्र तिला कुणी काही विचारत नाही. पंगत एक ठेवण्याचा फायदा इथेही दिसतो.

दुसरा पेच राजकारणाचा. इस्राएलविषयी ज्यू विद्यार्थ्यांतच तीव्र मतभेद आहेत. केंद्रात कोणत्या वक्त्याला बोलवायचे आणि कुणाला नाही, याचे नियम हिलेलने २०१० साली केले. २०१३ साली स्वार्थमोर महाविद्यालयातल्या हिलेलच्या विद्यार्थ्यांनी ते नियम आम्ही पाळणार नाही असे जाहीर केले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर आणि गाझातल्या युद्धानंतर तर विद्यापीठांत फारच ताण आला. कित्येक ज्यू मुलांना ज्यू म्हणून शिवीगाळ सोसावी लागली, गळ्यातली खूण सदऱ्याच्या आत ढकलावी लागली. त्याच वेळी काही ज्यू मुले युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत होती आणि २०२४ च्या वसंतात त्यांनी निदर्शनांच्या तंबूंतच वल्हांडणाचे जेवण केले. कोण बरोबर, यावर बोलण्याची ही जागा नाही. पण ज्या समाजाची मुले अशा वादळात सापडतात, त्या समाजाला हे ठरवावे लागते, की मत पटत नाही म्हणून त्या मुलाचे ताट काढायचे का? वयाने लहान माणसाला एकदा ताटावरून उठवले की तो परत येत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

आता थोडे आपल्या जवळचे. ज्यू म्हटले की आपण अमेरिका-इस्राएलकडे पाहतो. पण मराठी बोलणारे ज्यू आपलेच आहेत. कोकणातले बेने इस्राएल. अलिबाग-पेण भागात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावे आपल्यासारखीच गावावरून, केहिमकर, पेणकर, रोहेकर. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले आणि बेने इस्राएल मुले त्यांच्या शाळांतून शिकली. आपल्या मुलांसाठी आपली शाळा हवी, हे ओळखून हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. इंग्रजी कवी निस्सिम इझिकेल याच समाजातले, विल्सन महाविद्यालयात शिकलेले.

आपल्या गुजरातेत अहमदाबादला खमासा भागात मागेन अब्राहम हे सिनेगॉग आहे, १९३४ सालचे. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या बेने इस्राएलांनी ते उभे केले. म्हणजे आपल्याप्रमाणेच तेही महाराष्ट्रातून येऊन इथे स्थिरावलेले. आज भारतात सगळे मिळून ज्यू पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. बहुतेक इस्राएलला गेले, आणि तिथेही काही जणांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. इथे उरलेला ज्यू विद्यार्थी वर्गात, बहुधा साऱ्या महाविद्यालयातही, एकटाच असतो. शासकीय अर्जावर धर्माच्या रकान्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, पारशी हे छापलेले आणि त्याने 'इतर' वर खूण करायची, अशी स्थिती अनेक वर्षे होती. महाराष्ट्राने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अर्जाचा रकाना आम्ही रोज पाहतो, म्हणून सांगतो. 'इतर' या शब्दावर खूण करताना मुलाला काय वाटते, हे अर्ज छापणाऱ्याला कधी दिसत नाही. स्वतःचे नाव छापलेला रकाना ही सरकारने दिलेली ओळख झाली. पण बाजूला बसून 'तुमचा सण कधी आहे रे?' असे विचारणारा मित्र सरकार देऊ शकत नाही. तो आपल्यातूनच निघावा लागतो. आपल्या मुलांच्या वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याला मोदक खायला जरूर बोलवावे, आणि त्याच्याकडच्या मलिद्याची चौकशीही करावी. बेने इस्राएलांचा मलिदा म्हणजे पोहे, गूळ, खोबरे आणि फळे. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात. चव आपल्या ओळखीचीच आहे.

शेवटी आपल्यापुरते तीन मुद्दे सांगून थांबतो.

पहिला. वसतिगृहातल्या मराठी मुलांची यादी कार्यकारिणीने नव्हे, मुलांनीच करावी. आपल्या मंडळातल्या दहा तरुणांनी प्रत्येकी दहा नावे घेतली तर शंभर होतात. साठचा आकडा अमेरिकेला लखलाभ. या दहांना दहांशी फक्त ओळख ठेवायची आहे. नाटकात काम करा, वर्गणी द्या, असे पहिल्या भेटीत काही मागायचे नाही.

दुसरा. मराठीची परीक्षा घ्यायची नाही. तिसऱ्या पिढीच्या मुलाचे 'ळ' आणि 'ण' चुकतात, मधेच गुजराती क्रियापद येते, आईकडून मराठी असलेल्या मुलीचे आडनाव पटेल असते. त्यांना दारात दुरुस्त केले तर ती आत येणार नाहीत. आधी पान वाढावे, भाषा जेवताना आपोआप येते.

तिसरा. महाप्रसादाचा दिवस ठरवताना विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक समोर ठेवावे. आणि वर्षातून एकदा मोठी पंगत मांडण्याबरोबरच महिन्यातून एकदा चार-सहा जणांची लहान पंगत आपापल्या घरी मांडावी. ज्यांच्या घरची मुले बाहेरगावी आहेत, त्यांच्या घरी टेबलाभोवती खुर्च्या रिकाम्या आहेतच. आपले मूल तिकडे कुणाच्या तरी घरी जेवत असेल, अशी आशा आपण करतो. तसेच कुणाचे तरी मूल इकडे आपल्या घरी जेवो.

बाहेर पडताना डाव्या हाताला, पावती-पुस्तकांच्या टेबलावर, एक कोरी वही ठेवली आहे. तिच्यात दोनच रकाने आहेत. ज्यांना महिन्यातला एक रविवार जमेल त्यांनी पहिल्या रकान्यात आपले नाव आणि पत्ता लिहावा. दुसरा रकाना मुलांसाठी आहे, तो भरण्याचे काम आपल्या तरुणांनी घेतले आहे.

गणपती बाप्पा मोरया!